निमूटपूर कुठल्या तालुक्यात?

“हे निमूटपूर कुठल्या तालुक्यात येतं हो, शेटे बाई?”

अप्पासाहेब ढवणांनी पुस्तकातून मान वर न काढताच विचारलं. जिभेला बोट लावून त्यांनी पान उलटलं. पानाच्या कोपऱ्यावर उमटलेला ओला डाग मला टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून दिसला. पुस्तक माझं होतं. मला शिसारी आली, पण संस्थेच्या अध्यक्षांना ‘थुंकी लावू नका’ असं सांगणार कोण?

“कल्पित गाव आहे, अप्पासाहेब. कादंबरी आहे ती.”

“हात्तिच्या! मला वाटलं, आदर्श गाव योजनेतलं आहे. म्हटलं, अभ्यासदौरा काढावा. शिक्षकांना गाडी करून नेऊ, चार गोष्टी शिकून येतील.”

मला हसू फुटत होतं, ते मी पदराआड दाबलं. शेजारी बसलेले मुख्याध्यापक सुरवसे सर हसले नाहीत. अप्पासाहेब हसल्याशिवाय हसायचं नाही, हा त्यांचा नेमच होता.

आमच्या शाळेच्या ग्रंथशिफारस समितीची ही बैठक. समिती म्हणजे आम्ही तिघंच. मी मराठी शिकवायचे आणि ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, म्हणून मी सचिव. दर जूनला आठवी ते दहावीच्या मुलींसाठी पुस्तकं सुचवायची, आणि समितीने मान डोलावली की ती संस्थेच्या सगळ्या शाळांत जायची. वर्षानुवर्षं जात होती ती थोरांची चरित्रं आणि बोधकथा. मुली ती घरी न्यायच्या आणि कोरी करकरीत परत आणून द्यायच्या. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी त्या! त्यांना पंख हवे असतात, राक्षस हवे असतात, जग बुडतंय आणि एक मुलगी त्यातून वाट काढतेय, असलं काहीतरी हवं असतं. मला हे नेमकं ठाऊक होतं, कारण नववीतली धनश्री वाघमोडे रोज येऊन माझं डोकं खायची.

“बाई, ह्या सगळ्या पुस्तकांत राजा चांगला आणि प्रधान वाईट. राजाच बिघडलाय असं एखादं नाही का?”

“आहे की. शोधते.”

“आणि शेवटी तात्पर्य नको हं, बाई. तात्पर्य आलं की मला वाटतं, कुणीतरी मागनं टपली मारली.”

म्हणून त्या वर्षी मी हट्टाने अद्भुत कादंबऱ्याच निवडल्या होत्या. पण अप्पासाहेबांच्या हातात ‘निमूटपूर’ पडायच्या आधीच दोन बळी गेले होते. एका कादंबरीत मुलीच्या पाठीला पंख फुटत होते.

“पंख?” सुरवसे सर दचकले. “ही तर अंधश्रद्धा झाली, बाई. उद्या एखादी पोर गच्चीवरून उडी मारेल.”

दुसरीत विहिरीच्या तळाशी एक राज्य होतं आणि तिथली राणी मेलेल्या माणसांशी बोलायची.

“चेटूक!” अप्पासाहेब म्हणाले. “वगळा. पालक अर्ज घेऊन येतील.”

आता उरलं होतं ते एकच. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. “इंग्रजीत याला डिस्टोपिया म्हणतात, अप्पासाहेब. म्हणजे उलटं नंदनवन. वरून सगळं छान दिसतं, पण आत…”

“नंदनवन ना? मग झालं तर.” त्यांनी माझं वाक्य पुरंसुद्धा होऊ दिलं नाही. पुस्तक बंद करून काखेत मारलं. “हे मी घरी नेतो. निवांत वाचतो.”

ती कादंबरी एका तरुण लेखकाची होती. सलील देवस्थळी, पुण्याचा, पहिलंच पुस्तक. तोवर मी मराठीत मोठ्या मुलांसाठी इतकं धारदार काही वाचलेलं नव्हतं. निमूटपूर या गावात कुणी प्रश्न विचारत नाही. तिथे पोलीस नाहीत, तुरुंग नाही, छडीसुद्धा नाही. प्रत्येक मुलाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो. चूक एकाने केली की शिक्षा त्याच्या जोडीदाराला. बस्स, एवढ्यावर गाव चालतं. पहिला अर्धा भाग गावावर खूश असलेला एक मुलगा सांगतो, आणि तो इतक्या कौतुकाने सांगतो की आपल्यालाच हळूहळू कापरं भरतं. पुढे रेवा नावाची मुलगी येते. तिला प्रश्न पडतात. ती एकेक प्रश्न विचारते आणि तिला जोडीदार नेमलेल्या मैत्रिणीची जीभ एकेक शब्द विसरत जाते. शेवटी रेवा त्या मुक्या मैत्रिणीचा हात धरून गावाच्या वेशीबाहेर पडते.

धनश्रीला मी ते समितीच्या आधीच वाचायला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी डोळे सुजवून आली.

“बाई, हे पुस्तक माझ्या बाजूचं आहे.”

“म्हणजे कसं गं?”

“म्हणजे आजवरची सगळी पुस्तकं सरांच्या बाजूची होती. हे माझ्या बाजूचं आहे.”

इतकी नेमकी समीक्षा मी नंतर कुठल्या परिसंवादातही ऐकलेली नाही.

तर दोन-तीन दिवसांनी अप्पासाहेबांचं बोलावणं आलं. मी आणि सुरवसे सर बंगल्यावर गेलो. अप्पासाहेब झोपाळ्यावर बसून काडीने कान कोरत होते. कोरता कोरता काडीचं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि धोतराला पुसायचे. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं.

“बाई, एक नंबर पुस्तक! काय डोकं आहे हो त्या पोराचं. छडी नाही, आरडाओरडा नाही. पोरगं चुकलं की शिक्षा दुसऱ्याला. म्हणजे पालक ओरडायला येणार तरी कसे? त्यांचं पोर तर सहीसलामत!”

“अप्पासाहेब, लेखकाला हे वाईट आहे असं म्हणायचंय.”

“छे! पहिली शंभर पानं वाचली की मी. कुठंही वाईट म्हटलेलं नाही. उलट किती कौतुक केलंय.”

“पुढं वाचा ना. पुढं रेवा येते…”

“सुरवसे, आपल्याकडं सुरू करा हे. जोडशिस्त असं नाव द्या.”

मी सुरवसे सरांकडे बघितलं. माणूस एम. ए. मराठी होता. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, “शिक्षा काय ठेवायची, साहेब?”

अप्पासाहेबांनी क्षणभर विचार केला. मग ते जे बोलले ते मात्र पुस्तकात नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं.

“मधल्या सुट्टीत डबा हातात घेऊन भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. डबा उघडायचा नाही. आणि जिनं चूक केली ना, तिनं समोर बसून आपला डबा संपवायचा. पुरा. टाकायचा नाही. अन्न हे पूर्णब्रह्म आहे.”

त्यांनी काडी दुसऱ्या कानात घातली.

पुढच्याच सोमवारी प्रार्थनेनंतर जोड्या वाचून दाखवल्या गेल्या. सुरवसे सरांनी मोठ्या हुशारीने जोड्या लावल्या होत्या. बडबडी मुलगी आणि गरीब स्वभावाची मुलगी, अशी सगळी रचना. “म्हणजे लगाम बसतो,” ते स्टाफरूममध्ये चहा फुरकत म्हणाले. धनश्रीच्या जोडीला तस्लीम मुलाणी. तस्लीम म्हणजे हजेरीलासुद्धा इतकी हळू ‘उपस्थित’ म्हणायची की तिची निम्म्या वेळा गैरहजेरी लागायची. दोघी आठवीपासून एका बाकावर बसायच्या आणि त्यांचं मेतकूट जमलं होतं. धनश्री पुस्तकं वाचायची आणि तस्लीमला सगळी गोष्ट तोंडी सांगायची.

पहिल्याच दिवशी इतिहासाच्या तासाला धनश्रीने हात वर न करता विचारलं, “पण सर, तहात हरलेल्यांना कुणी विचारलं होतं का?”

झालं. मधल्या सुट्टीत तस्लीम व्हरांड्याच्या भिंतीला पाठ लावून उभी. छातीशी स्टीलचा डबा. समोर जमिनीवर धनश्री मांडी घालून बसलेली, पुढ्यात तिचा डबा उघडा. सगळ्या वर्गाचं रिंगण. आणि कडेला सुरवसे सर हाताची घडी घालून.

“खा,” सर म्हणाले.

“सर, मला भूक नाही.”

“तू खाल्लं नाहीस तर तस्लीम उद्याही उभी राहील. आमची काही हरकत नाही.”

धनश्रीने भाकरी मोडली. तोंडात कोंबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जबडा हलत होता. तस्लीम भिंतीकडून हळू आवाजात म्हणत होती, “खा गं. सावकाश खा. घोट घे पाण्याचा.” उभी ती, उपाशी ती, आणि वर समजूतही तीच घालत होती. डबा संपला तशी धनश्री उठली, नळाकडे धावली आणि तिथेच भडाभडा ओकली. सुरवसे सरांनी लांबूनच शिपायाला हाक मारली आणि राख टाकून घ्यायला सांगितलं.

मी त्यांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत शिरले. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या.

“सर, तुम्ही ती कादंबरी वाचलीये का?”

“पूर्ण वाचलीये, बाई.”

“पूर्ण? मग तुम्हाला कळलं नाही ती कशाबद्दल आहे?”

त्यांनी दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला. “न कळायला काय झालंय? चांगलीच कळली. शेवटाला तर मला रडू आलं, तुम्हाला खोटं वाटेल.”

“मग?”

“मग काय? अप्पासाहेबांना आवडलीये. मला निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, बाई. मी कशाला त्यांना सांगू की तुम्हाला पुस्तक कळलं नाही?”

अप्पासाहेब निदान अडाणी होते. हा माणूस पुस्तक वाचून रडला होता आणि मग त्याने जोड्या लावल्या होत्या. मला त्या खोलीतल्या फुलदाणीतल्या प्लॅस्टिकच्या फुलांचीसुद्धा घाण वाटली.

मी अप्पासाहेबांकडे एकटीच गेले. म्हटलं, उरलेलं पुस्तक वाचा. हात जोडले, कारण त्यांना जोडलेले हात आवडायचे. त्यांनी खरंच वाचलं, हे कबूल केलं पाहिजे. आठवड्याने मला म्हणाले,

“वाचलं, बाई. शेवट बिघडवलाय हो लेखकानं. इतकं चांगलं गाव उभं केलं, आणि ती पोरगी सोडून जाते म्हणजे काय? कृतघ्नपणा आहे. पुढच्या आवृत्तीत बदलायला सांगू. मी सगळ्या शाळांना पुस्तक घ्यायला लावणार आहे, म्हणजे ऐकेल तो.”

घरी येऊन मी तोंडावर पाण्याचे हबके मारले. आमचे हे म्हणाले, “सोडून दे. दुसऱ्यांच्या पोरींसाठी स्वतःची नोकरी कशाला पणाला लावतेस?”

इकडे धनश्री बोलायची थांबली होती. वर्गात मान खाली. मी धडा शिकवताना मुद्दाम तिच्याकडे बघून थांबायचे, की आता ही काहीतरी विचारेल. ती ओठ दातांखाली धरून बसायची. पण चूक काय, कधीही होते. पेन पडलं, शेजारणीला खोडरबर मागितलं, उशिरा आली, आणि तस्लीम भिंतीला. मी हटकून तिथे जायचे, सुरवसे सरांशी वाद घालायचे. सर मला ‘अध्यक्षांशी बोला’ म्हणायचे. पालकांना सांगून बघितलं. तस्लीमचे अब्बा म्हणाले, “शिस्त आहे ना, बाई? असू द्या. मुलीच्या जातीला बरी असते.”

एक दिवस दोघी माझ्याकडे ग्रंथालयात आल्या. तस्लीम दाराशी उभी राहिली. धनश्री टेबलाशी.

“बाई, लेखकाचा फोन नंबर मिळेल का?”

“कशाला गं?”

“त्यांना माहीतच नसणार, त्यांचं पुस्तक इथं कसं वापरायलेत ते. कळलं तर ते येतील. ते सांगतील सगळ्यांना की निमूटपूर वाईट आहे. त्यांनीच लिहिलंय म्हटल्यावर अप्पासाहेब कसं काय नाही म्हणतील?”

मला ते इतकं सरळ आणि इतकं बरोबर वाटलं की माझ्याच मनात का आलं नाही, याचं नवल वाटलं. प्रकाशकाकडून नंबर घेतला आणि दोघींच्या समोरच फोन लावला. सलील देवस्थळींचा आवाज फार गोड होता. मी सगळं सांगितलं. डबा, भिंत, ओकारी, सगळं.

“अहो, काय सांगताय काय!” ते जवळजवळ ओरडलेच. “हे भयंकर आहे. मला रात्री झोप लागणार नाही आता. मी येतो, बाई. तिथे येऊन सगळ्यांसमोर बोलतो. त्या मुलींना सांगा, मी येतोय.”

मी फोन ठेवला आणि सांगितलं. धनश्री तस्लीमच्या गळ्यात पडली. “बघ, म्हटलं नव्हतं? ते आपल्या बाजूचे आहेत!” तस्लीम हसली. तिचा हसण्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

अप्पासाहेबांना लेखक येणार म्हटल्यावर आनंदच झाला. कार्यक्रम ठरला. शाळेच्या सभागृहात तोरणं, रांगोळी, फळ्यावर रंगीत खडूने ‘निमूटपूरचे निर्माते’. सलील देवस्थळी सकाळी गाडीने उतरले. खादीचा कुर्ता, गळ्यात शबनम पिशवी, दाढी नीट कातरलेली. मला बघून दोन्ही हात हातात घेतले. “तुम्हीच शेटे बाई! काळजी करू नका,” असं हळूच म्हणाले. मला भरून आलं.

मग अप्पासाहेब त्यांना आपल्या खोलीत चहाला घेऊन गेले. अर्धा तास दार बंद होतं. आत काय झालं, ते मला सुरवसे सरांनी नंतर मिटक्या मारत सांगितलं. सगळ्या शाळांसाठी पुस्तकं घ्यायची ठरलं, जिल्ह्यातल्या इतर संस्थांना अप्पासाहेब शब्द टाकणार होते, आणि पुढच्या वर्षीपासून शिफारस समितीवर सल्लागार म्हणून देवस्थळींचं नाव. पण तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. ते बाहेर आले तेव्हा माझी नजर टाळून थेट मंचाकडे गेले, तरीही मला वाटलं, भाषणाच्या तंद्रीत असतील.

शाल झाली, नारळ झाला. देवस्थळी बोलायला उभे राहिले. वाचन किती महत्त्वाचं आहे. कल्पनाशक्ती किती महत्त्वाची आहे. कुमारवयीन वाचकांनी अद्भुत वाचावं, भविष्याचं दुःस्वप्न वाचावं, कारण त्याने माणूस सजग होतो. या शाळेने एका नव्या लेखकाला जो सन्मान दिला, तो पुण्यातही कुणी दिला नाही. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मी वाट बघतेय, आता बोलेल, आता बोलेल. धनश्री पहिल्या रांगेत ताठ बसली होती, ओठ किंचित उघडे ठेवून.

“कुणाला काही विचारायचंय?” त्यांनी शेवटी विचारलं.

सभागृहात तीनशे मुली. चिडीचूप. त्यांना शिकवलंच होतं तसं. अप्पासाहेब कौतुकाने म्हणाले, “बघा! आहे की नाही निमूटपूर?” मंचावर हशा झाला. देवस्थळीही हसले.

मी पहिल्या रांगेच्या कडेला उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. तस्लीमने धनश्रीला कोपर मारलं.

“विचार की.”

“तू उभी राहशील परत.”

“राहते की. मला रोज्यांची सवय आहे गं. विचार तू.”

धनश्री उठली. सुरवसे सरांनी डोळे वटारले. तिने बघितलंच नाही तिकडे.

“सर, निमूटपूर चांगलं आहे की वाईट आहे?”

एवढंच. एवढा सोपा प्रश्न आयुष्यात कुणी कुठल्या लेखकाला विचारला नसेल. उत्तर एका शब्दाचं होतं.

देवस्थळींनी दाढीवरून हात फिरवला. अप्पासाहेबांकडे बघितलं. मग गोड हसले.

“फारच छान प्रश्न. पण असं बघ, पुस्तक एकदा छापलं की ते लेखकाचं राहत नाही. अर्थ वाचकाने लावायचा असतो. कुणाला त्यात धोका दिसेल, कुणाला शिस्त दिसेल. तुमच्या अप्पासाहेबांना जो अर्थ दिसला, तोही तितकाच मोलाचा आहे. आणि लेखक म्हणून मी तर म्हणेन, तो अधिक धाडसी आहे.”

टाळ्या. अप्पासाहेबांनी सुरू केल्या, सुरवसे सरांनी धरल्या, मग सगळ्या सभागृहाने वाजवल्या. धनश्री उभीच होती. किती गुळगुळीतपणे तोंडाला पानं पुसली होती त्याने! मला त्या माणसाच्या शालीचा, कुर्त्याचा, त्या गोड आवाजाचा इतका वीट आला की मी खांबाला धरून उभी राहिले.

मधली सुट्टी झाली. पाहुण्यांना जेवण वरच्या खोलीत होतं, श्रीखंड-पुरीचं. जाण्याची वाट व्हरांड्यातूनच होती. व्हरांड्यात तस्लीम भिंतीला पाठ लावून उभी, आणि समोर धनश्री उघड्या डब्यापुढे. विनापरवानगी प्रश्न विचारला म्हणून. पाहुण्याने ‘विचारा’ म्हटलं होतं, पण मुख्याध्यापकांनी कुठे म्हटलं होतं?

देवस्थळी थांबले. “ही का उभी आहे?”

मी फोनवर सांगितलेलं सगळं त्यांना आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच तर विचारलं त्यांनी, काहीच ठाऊक नसल्याचा आव आणून.

“जोडशिस्त, सर,” सुरवसे म्हणाले. “आपलीच कल्पना.”

“अरे वा.” त्यांच्या चेहऱ्यावर एकदा काहीतरी हललं, आणि विझलं. त्यांनी शबनममधून मोबाईल काढला. “एक फोटो घेऊ का? म्हणजे… पुस्तकातलं प्रत्यक्षात आलेलं बघायला मिळणं, हे लेखकाच्या नशिबी क्वचित येतं.”

त्यांनी फोटो घेतला. तस्लीमचा, डब्यासकट. जरा मागे सरकून दुसराही घेतला, धनश्री मधे यावी म्हणून.

मग माझ्याने राहवलं नाही. मी पुढे झाले, तस्लीमच्या हातातला डबा घेतला आणि उघडला. चपाती आणि बटाट्याची भाजी होती. मी घास केला आणि तिच्या तोंडाशी धरला.

“बाई, पाहुणे बघतायत,” सुरवसे सर दात ओठ खात म्हणाले.

“बघू द्या. पाहुण्यांना उभं राहून बघायचं छान जमतं.”

“हा नियमभंग आहे!”

“आहे ना? मग माझी जोडी कुणाशी लावलीत, सर? तुमच्याशीच का? उद्या डबा घेऊन या आणि उभे राहा भिंतीला. मी समोर बसून जेवीन. अगदी पोटभर जेवीन!”

कुठल्या तरी मुलीला हसू फुटलं. अप्पासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. देवस्थळी मोबाईल खिशात घालत घाईने जिन्याकडे वळले. मी त्यांच्या पाठीमागे बघून मोठ्याने “शी!” म्हटलं. मराठीच्या शिक्षिकेला त्या क्षणी दुसरा शब्द सुचला नाही, आणि आजही सुचत नाही. तस्लीमने घास घेतला. वर पुऱ्या तळल्याचा वास येत होता.

माझी बदली आठवड्यात झाली, संस्थेच्या आडबाजूच्या शाखेत. जोडशिस्त कुणी रद्द केली नाही. दिवाळीनंतर अप्पासाहेबांना सूर्यनमस्कारांचा नाद लागला आणि ती आपोआप मागे पडली. कुणाला चूक कळली वगैरे काही नाही. देवस्थळींचं आज मोठं नाव आहे. मुलांनी काय वाचावं यावर ते व्याख्यानं देतात, आणि त्यांचा फोटो पेपरात आला की मी ते पान उलटं घालून त्यावर कांदे चिरते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ग्रंथालयात एकटीच बसले होते. धनश्री आत आली. तिच्या हातात ‘निमूटपूर’ होतं, अप्पासाहेबांकडून परत आलेली माझी प्रत. तिने ते टेबलावर ठेवलं. तिला काहीतरी सांगावं, समजूत घालावी म्हणून मी तोंड उघडलं.

“धनश्री, माणूस तसा निघाला म्हणून पुस्तक वाईट होत नाही गं…”

“माहीत आहे, बाई. पुस्तक चांगलंच आहे.” तिचा आवाज कोरडा होता. “आता दुसरं सुचवा.”

“सुचवते की. कसलं हवं? अद्भुत? का असलंच, पुढच्या काळातलं?”

“कसलं पण चालेल. फक्त त्याचा लेखक मेलेला पाहिजे.”

“असं का गं?”

“म्हणजे बोलावलं तरी यायचा नाही.”